झडती कुणाची, सूट कुणाला?

महिन्याची २० तारीख. जीएसटीचं ३बी रिटर्न आजच भरायचंय, पोर्टल आधीच रडतखडत चाललंय, आणि नेमका त्याच वेळी ऑफिसातला कॉम्प्युटर अडकतो. टॅली उघडायला पाच मिनिटं, एक व्हाउचर सेव्ह व्हायला अर्धं मिनिट. खाली कोपऱ्यात अँटीव्हायरसचं चिन्ह गरगरतंय. बाहेर मालाने भरलेला टेम्पो उभा, ड्रायव्हर ई-वे बिलासाठी खोळंबलेला. शेठ कॉम्प्युटरवाल्याला फोन लावतात. तो फोनवरच सांगतो, "डी ड्राइव्ह एक्स्क्लूड करून टाका, मशीन पळायला लागेल." मशीन खरंच पळायला लागतं. टेम्पो सुटतो, रिटर्न भरलं जातं, आणि घाईत दिलेली ती सूट पुढे चार वर्षं तशीच राहते. सूट दिली होती हेसुद्धा सगळे विसरून जातात.

भिवंडीतल्या यंत्रमागाच्या गाळ्यांत, सायझिंगच्या ऑफिसांत, मानकोली-काल्हेर पट्ट्यातल्या गोडाऊनांत काम करणाऱ्यांना हा प्रसंग नवा वाटणार नाही. कॉम्प्युटरवाल्याचं पूर्ण चुकलं असंही नाही. काही फाइली स्कॅनमधून वगळाव्या लागतातच. पण कुठल्या, किती, आणि कधीपर्यंत, हे ठरवायची एक रीत आहे. ती कळली की कामही अडत नाही आणि दारही उघडं राहत नाही.

मार खाणारी फाइल आणि मारणारी फाइल

बहुतेकांचा हिशेब असा असतो: जी फाइल आपल्याला जिवापाड महत्त्वाची, ती सगळ्यांत जास्त तपासावी. टॅलीचा डेटा, पार्टीचं खातं, स्टॉकची यादी. हा हिशेब उलटा आहे.

खंडणीखोर व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, तुमच्या टॅलीच्या डेटात लपून येत नाही. तो एखाद्या खोट्या बिलाच्या रूपात मेलमधून येतो, फुकटच्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसून येतो, पेन ड्राइव्हवरून येतो. डाउनलोड्स, डेस्कटॉप किंवा टेम्प फोल्डरमधून तो चालू होतो आणि मग तुमच्या डेटावर कुलूप घालतो. डेटा ही मार खाणारी फाइल. मारणारी फाइल दुसरीकडेच बसलेली असते. मार खाणाऱ्याची दिवसातून शंभरदा झडती घेऊन त्याचं रक्षण होत नाही. चोर ज्या वाटेने येतो त्या वाटेवर झडती हवी.

म्हणून "ही फाइल किती महत्त्वाची?" असा प्रश्न विचारू नका. विचारा, "या फोल्डरमध्ये बाहेरची वस्तू येऊन पडू शकते का, आणि इथून काही चालू होऊ शकतं का?" दोन्हींचं उत्तर ठामपणे 'नाही' असेल, तरच सूट देण्याचा विचार करायचा.

स्कॅन दोन प्रकारचा, त्रासही दोन प्रकारचा

गोडाऊनच्या गेटवर वॉचमन येणारी-जाणारी प्रत्येक गाडी बघतो, आणि वर्षातून एकदा सगळा माल मोजला जातो. अँटीव्हायरसचंही तसंच आहे. पहिला रिअल-टाइम स्कॅन: फाइल उघडली, सेव्ह झाली, चालवली की त्याच क्षणी तपासणी. दुसरा ठरवून केलेला स्कॅन: सगळी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत.

२० तारखेचा त्रास बहुतेक वेळा दुसऱ्या स्कॅनमुळे होतो, आणि त्यावर फाइली वगळायची गरजच नसते. वेळ बदलली की काम झालं. ऑफिस बंद झाल्यावर मशीन तासभर चालू ठेवा, किंवा जेवणाच्या सुट्टीत स्कॅन लावा. मशीन रिकामं असतानाच स्कॅन करण्याची सोय बहुतेक अँटीव्हायरसमध्ये असते. ती चालू आहे ना, तेवढं बघा.

वगळण्याआधी आणखी दोन गोष्टी तपासा. एकाच मशीनवर दोन अँटीव्हायरस बसलेत का? जुन्याची मुदत संपली, नवा घेतला, जुना काढायचा राहिला, असं बऱ्याच ठिकाणी सापडतं. दोन वॉचमन एकमेकांचीच झडती घेत बसतात. आणि मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवून जो वेग मिळतो तो दहा फोल्डर वगळूनही मिळायचा नाही.

हे सगळं करूनही टॅली किंवा स्टॉकचं सॉफ्टवेअर रोजच्या कामात अडखळत असेल, तर अडचण रिअल-टाइम स्कॅनची आहे. एकच मोठी फाइल सेकंदासेकंदाला उघडते, लिहिली जाते, बंद होते, आणि दर वेळी वॉचमन तिला थांबवतो. सूट देण्याचं खरं कारण हे.

न्हावाशेव्याने शिकवलेला धडा

"पण टॅली तर ओळखीचं सॉफ्टवेअर आहे, त्याला सगळीच सूट देऊ या की!" असं वाटणं साहजिक आहे. त्यावर एक खरी गोष्ट सांगतो. भिवंडीच्या गोडाऊनांत येणारे बरेचसे कंटेनर ज्या बंदरातून येतात, तिथलीच.

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस सुटला. तो आला कुठून? 'एम.ई.डॉक' नावाच्या, तिथे कर भरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. चोरांनी कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरून अपडेटमध्येच विष कालवलं होतं. ज्यांनी प्रामाणिकपणे सॉफ्टवेअर अपडेट केलं, त्यांच्याच मशीन बसल्या. युक्रेनमध्ये कार्यालय असलेल्या मर्स्क या जगातल्या बड्या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये तो शिरला आणि तिथून जगभर पसरला. मर्स्कची भगिनी कंपनी चालवत असलेलं न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही त्यात ठप्प झालं. संगणक बंद पडल्यावर कंटेनरची कामं हाताने करायची वेळ आली. मर्स्कने पुढे २५ ते ३० कोटी डॉलरच्या नुकसानीचा अंदाज सांगितला.

व्हायरस नवा होता, त्यामुळे नुसता स्कॅन चालू असता तर सगळे वाचले असते असं म्हणता येत नाही. पण एक गोष्ट पक्की झाली: ओळखीचं नाव म्हणजे कायमची हमी नव्हे. रोजच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाडीतूनही नको तो माल येऊ शकतो. म्हणून सूट द्यायची ती सॉफ्टवेअरच्या डेटाला. प्रोग्रॅमला आणि त्याच्या अपडेटला द्यायची नाही. डेटाचं फोल्डर वगळा, प्रोग्रॅमचं फोल्डर झडतीतच राहू द्या.

काय वगळता येतं

*हिशेबाचा चालू डेटा.* टॅलीचा डेटा ज्या फोल्डरमध्ये आहे, फक्त तेवढंच फोल्डर. अट एकच: त्यात दुसरं काही ठेवायचं नाही. बऱ्याच ऑफिसांत पार्टीकडून आलेल्या पीडीएफ, बँकेची स्टेटमेंट, कुणाचे तरी फोटो सगळे डेटाच्या फोल्डरमध्येच कोंबलेले असतात. आधी ते बाहेर काढा, मग सूट द्या.

*डेटाबेस.* गोडाऊनचं स्टॉक सॉफ्टवेअर पुष्कळदा एसक्यूएल सर्व्हरवर चालतं. त्याच्या एमडीएफ, एनडीएफ, एलडीएफ प्रकारच्या फाइली वगळाव्यात, असा सल्ला मायक्रोसॉफ्टच देते. चालू डेटाबेसवर स्कॅनरने हात ठेवला की डेटाबेसला स्वतःचीच फाइल उघडता येत नाही, अशी वेळ येऊ शकते.

*नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर.* एका मशीनवर डेटा आणि तीन मशीनवरून काम, अशी मांडणी असेल तर एकच फाइल दोन्हीकडे तपासली जाते. जिथे डेटा राहतो त्या मशीनवर तपासणी असू द्या; बाकीच्या तिघांना तेवढ्या फोल्डरपुरती सूट चालेल. सगळ्यांनीच सूट घेतली तर तपासणार कोण?

*आउटलुकच्या मोठ्या फाइली, व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क.* वर्षानुवर्षांचे मेल एकाच कित्येक जीबीच्या फाइलीत साठलेले असतात. ती अख्खी फाइल पुन्हा पुन्हा चाळण्यात अर्थ नसतो. मेलमधली जोडलेली फाइल तुम्ही उघडता किंवा सेव्ह करता, तेव्हा ती तपासली जातेच.

*डिझाइनच्या अवजड फाइली.* जॅकार्डचं किंवा छपाईचं काम करणाऱ्यांकडे शेकडो एमबीच्या फोटोशॉप आणि कोरलच्या फाइली असतात. स्वतः बनवलेलं जुनं काम एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्यापुरती सूट देता येईल. गिऱ्हाइकाकडून पेन ड्राइव्हवर आलेलं डिझाइन मात्र आधी झडतीच्या जागी उतरवायचं, मग आत न्यायचं.

काय कधीच वगळायचं नाही

डाउनलोड्स, डेस्कटॉप, टेम्प फोल्डर, व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या फाइलींची जागा, पेन ड्राइव्ह. ही सगळी गेटं आहेत. आणि अख्खा सी किंवा डी ड्राइव्ह तर कधीच नाही.

फाइलीचा प्रकार बघून सरसकट सूट देणं आणखी धोक्याचं. "फक्त प्रोग्रॅम तपासा, बाकी सोडा" हा पर्याय काही अँटीव्हायरसमध्ये अजून दिसतो. त्या विचाराला एके काळी आधार होता. व्हायरस तेव्हा फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये नाहीतर प्रोग्रॅमच्या फाइलीत राहायचे. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी दुरुस्तीच्या दुकानातून उभं केलेलं क्विक हील हे त्याच काळाचं अपत्य. पण १९९५ मध्ये 'कन्सेप्ट' हा व्हायरस वर्डच्या साध्या दस्तऐवजातून फिरू लागला आणि 'कागदपत्र म्हणजे निरुपद्रवी' हा समज तिथेच संपला. मॅक्रो असलेल्या वर्ड-एक्सेलच्या फाइली आजही घात करतात. त्या इतक्या वापरल्या गेल्या, की इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप अडवायला सुरुवात केली.

नावावरही जाऊ नका. मे २००० मधल्या 'आय लव्ह यू' व्हायरसची फाइल नावाच्या शेवटी 'टीएक्सटी' आणि त्याही पुढे 'व्हीबीएस' असं लिहून यायची. विंडोज शेवटचा तुकडा लपवत असल्यामुळे लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटायची. विंडोजची ती सवय अजून सुटलेली नाही. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाइलींची पूर्ण नावं दिसतील असं करून ठेवा. मग 'इन्व्हॉइस.पीडीएफ.ईएक्सई' डोळ्यांनाच सापडेल.

झिप फाइलींबद्दल थोडं वेगळं. मोठ्या झिपच्या आत न शिरण्याची मर्यादा अँटीव्हायरसमध्ये असते आणि ती असू द्यावी. '४२ डॉट झिप' नावाची एक कुप्रसिद्ध फाइल जेमतेम ४२ केबीची, पण थरामागून थर पूर्ण उघडत गेलं तर साडेचार पेटाबाइट होते. अशी फाइल स्कॅनरलाच लोळवण्यासाठी बनवलेली असते. पासवर्डवाल्या झिपच्या आत तर स्कॅनरला बघताच येत नाही, आणि ठग मेलमध्येच पासवर्ड लिहून ती पाठवतात ते त्यासाठीच. अशा फाइली उघडल्या, की आतला माल बाहेर पडताना तपासला जातो. अर्थात, ज्या फोल्डरमध्ये तो पडतो ते वगळलेलं नसेल तर.

आणि शेवटचं, सगळ्यांत महत्त्वाचं. फुकटात मिळालेल्या कोरल किंवा फोटोशॉपसोबत एक सूचना येते: "आधी अँटीव्हायरस बंद करा, हे फोल्डर एक्स्क्लूड करा." ही सूचना वाचली की हात मागे घ्या. वॉचमनला घरी पाठवा म्हणणारा माणूस माल पोचवायला आलेला नसतो.

सूट कशी द्यायची

विंडोजमध्ये आलेला डिफेंडर वापरत असाल तर वाट अशी: विंडोज सिक्युरिटी, त्यात व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग मॅनेज सेटिंग्ज, आणि तळाशी एक्स्क्लूजन्स. दुसरा अँटीव्हायरस असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये एक्स्क्लूजन किंवा एक्सेप्शन या नावाने यादी सापडेल.

डिफेंडर चार पर्याय देतो: फाइल, फोल्डर, फाइलीचा प्रकार आणि प्रोसेस. शक्यतो पहिल्या दोनांवर थांबा. फाइलीचा प्रकार वगळला तर त्या प्रकारची फाइल मशीनवर कुठेही असली तरी सुटते. प्रोसेस वगळणं म्हणजे तो प्रोग्रॅम ज्या ज्या फाइली उघडेल त्या सगळ्यांना रिअल-टाइम तपासणीत सूट. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने लेखी सांगितलं असेल तरच हे करा, आणि तेव्हाही नुसतं नाव न लिहिता प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता द्या. नाहीतर त्याच नावाचा तोतया दुसऱ्या फोल्डरमधून तीच सवलत लाटेल. एक्सेल, ब्राउझर, पॉवरशेल यांना प्रोसेस म्हणून कधीच वगळू नका. बाहेरचा माल नेमका त्यांच्याच हातून आत येतो.

सूट बरोबर बसली का, हे तपासायला 'आयकार' ही चाचणीची फाइल आहे: ६८ अक्षरांचा निरुपद्रवी मजकूर, जो दिसताच अँटीव्हायरसने आरडाओरडा करावा असं ठरलेलं आहे. तो नोटपॅडमध्ये चिकटवून आधी डाउनलोड्समध्ये सेव्ह करा. ओरडा झाला पाहिजे. मग वगळलेल्या फोल्डरमध्ये करा. तिथे शांतता हवी. शेजारच्या फोल्डरमध्येही शांतता दिसली तर सूट हवी त्यापेक्षा मोठी दिली गेली आहे.

आता एक वही. आवक-जावक रजिस्टर ठेवता तशीच. कोणतं फोल्डर, कुणी वगळलं, कशासाठी, कोणत्या तारखेला, आणि पुन्हा कधी बघायचं. दर तीन महिन्यांनी यादी उघडून वहीशी ताडून बघा. वहीत नसलेली ओळ यादीत दिसली तर गंभीर समजा. कित्येक व्हायरस आत शिरल्यावर पहिलं काम हेच करतात: स्वतःचं फोल्डर सवलतीच्या यादीत घालतात. तसं दिसल्यास मशीनचं इंटरनेट आणि नेटवर्कची वायर काढा, ती ओळख नसलेली सूट रद्द करा, पूर्ण स्कॅन चालवा आणि जाणकाराला बोलवा. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

अँटीव्हायरसच चुकला तर?

चुकतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक फाइल व्हायरस समजून धरली आणि जगभर मशीन बंद-चालू होत राहिल्या. त्यामुळे तुमच्या बारकोड छापायच्या छोट्या प्रोग्रॅमला पकडलं म्हणून तो गुन्हेगारच ठरतो असं नाही.

पण लगेच सूटही देऊ नका. फाइल क्वारंटाइनमध्ये राहू द्या. ती नष्ट झालेली नसते, कोंडलेली असते. प्रोग्रॅम कुठून आला ते आठवा, बनवणाऱ्याकडून नवी प्रत मागवा, आणि अँटीव्हायरसच्या कंपनीकडे फाइल तपासायला पाठवा. 'व्हायरसटोटल'वर टाकून अनेक अँटीव्हायरसचं मत एकदम घेता येतं, पण तिथे टाकलेली फाइल इतरांच्याही हाती लागू शकते. प्रोग्रॅम टाका, पार्टीची बिलं, रेटलिस्ट, आधारच्या प्रती कधीच नाही.

वायर आपणच काढायची

सूट कितीही जपून दिली तरी एखादा नॉटपेट्या झडतीतूनही निसटतो. म्हणून वगळलेल्या प्रत्येक फोल्डरची एक प्रत अशा डिस्कवर हवी, जी काम झालं की मशीनपासून काढून कपाटात जाते. कायम जोडलेल्या डिस्कवरचा बॅकअप डेटासोबतच कुलूपबंद होतो.

मर्स्कला सगळं नेटवर्क नव्याने उभं करायचं होतं तेव्हा त्याचा पाया असलेली माहिती जगभरातल्या त्यांच्या सर्व्हरांवरून पुसली गेली होती. एकच प्रत सापडली, घानामधल्या कार्यालयात. हल्ल्याआधी तिथली लाइट गेली होती, म्हणून तो सर्व्हर नेटवर्कवर नव्हता, म्हणून वाचला. वर्षानुवर्षं भारनियमनाला शिव्या घातलेल्या भिवंडीला ही गोष्ट ऐकून हसू येईल. पण नशिबाने लाइट जाण्याची वाट बघायची नसते. दर शनिवारी बॅकअप झाला की ती एक वायर स्वतःच्या हाताने काढायची.

आणि आज एवढं करा: अँटीव्हायरसची सवलतीची यादी उघडा आणि एकेक ओळ वाचा. जिचं कारण तुम्हाला सांगता येत नाही, ती ओळ काढून टाका. 'डी ड्राइव्ह' लिहिलेलं दिसलं, तर त्या जागी फक्त डेटाच्या फोल्डरचा पत्ता लिहा. टेम्पो तरीही वेळेवर सुटेल.